मे महिन्यातला बायोप्रिंटर : दोन हेडचं टेबलावरचं यंत्र नागपुरात कसं चालतं

बायोप्रिंटर म्हणजे जिवंत पेशी मिसळलेलं जेल सुईतून दोऱ्यासारखं काढून थरावर थर छापणारं यंत्र. जेलची सिरिंज हेडमध्ये बसते, डिश खालच्या बेडवर, आणि सुई हेडच्या बाहेर दीड ते दोन सेंटीमीटर लोंबकळते. हेड २४ अंशांवर, खालचं बेड १५ अंशांवर आणि मधली उघडी सुई खोलीच्या तापमानावर. खोली ३४ अंशांवर गेली की हेडमध्ये छान जमलेलं जेल सुईत शिरताच पातळ होतं आणि दोऱ्याऐवजी थेंब पडतो. मग दाब कमी केला जातो, थेंब लहान होतो, पण दोरा काही होत नाही. उन्हाळ्यात या यंत्राच्या नावाने होणारी ओरड बहुतेक वेळा या दोन सेंटीमीटरपासून सुरू होते आणि यंत्र बिचारं विनाकारण सर्व्हिसिंगला जातं.

परीक्षण आहे ते टेबलावर बसणाऱ्या, हवेच्या दाबाने जेल ढकलणाऱ्या, दोन हेडच्या बायोप्रिंटरचं. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातली यंत्रं आतून एकमेकांची सख्खी भावंडं आहेत : ३ मिलिलिटरची सिरिंज, तिच्या डोक्यावर हवेची नळी, खाली लुअर लॉकची, म्हणजे पिळून बसवायची सुई, तीन अक्षांवर फिरणारा सांगाडा, पेल्टियरवर थंड-गरम होणारं बेड, ४०५ नॅनोमीटरचा दिवा आणि वर हवा गाळणारा हेपा फिल्टर. पहिलं हेड थंडही होतं आणि गरमही, दुसरं नुसतं गरम. स्वस्त आणि महाग यंत्रांत खरा फरक असतो तो दाबाच्या व्हॉल्व्हमध्ये आणि हेडचं तापमान किती घट्ट धरून ठेवलं जातं त्यात. बाकी बराचसा पत्रा आणि रंग.

खोली आधी, यंत्र नंतर

नागपुरात हे यंत्र घ्यायचं तर पहिला खर्च यंत्राचा नाही, खोलीचा. खोली २२ अंशांवर राहायला हवी, तीही दिवसभर, दार उघडझाप होत असताना आणि शेजारी पेशी वाढवायचा इन्क्युबेटर, निर्जंतुक कामाचं हुड आणि कॉम्प्रेसर उष्णता ओकत असताना. बाहेर ४५ अंश असताना एक एसी हे काम रेटून नेतो, पण बंद पडला तर त्या दिवशीच्या पेशी गेल्याच म्हणायच्या. म्हणून दोन एसी, आलटून पालटून.

आणि कूलर? नाही म्हणजे नाही. गावातल्या निम्म्या ऑफिसांत अजून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खिडकीला असतो आणि 'तेवढा दोन महिने लावू' ही सूचना दर वर्षी कुठून तरी येते. ओल्या ताटीवर बुरशी वाढते आणि पंखा तिचे बीजाणू थेट खोलीत फेकतो. इन्क्युबेटरमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापसासारखा पांढरा तंतू दिसला की दोष सिरिंजच्या निर्जंतुकीकरणाला दिला जातो. सिरिंज निर्दोष असते.

कोरडेपणाचं दुखणं वेगळं. मे महिन्यातली कोरडी हवा, त्यात एसी, त्यात हेपाचा सतत खाली येणारा झोत. पाव मिलिमीटर जाडीचा जेलचा दोरा अशा हवेत काही मिनिटांत कडेने सुकायला लागतो आणि आतल्या पेशी खारटपणाने मरतात. उपाय साधा आहे : २४ खणांची प्लेट वापरत असाल तर कडेच्या खणांत निर्जंतुक सलाइन भरून ठेवा, छपाई १० मिनिटांच्या वर जात असेल तर दर दोन-तीन थरांनंतर बारीक फवारा मारा, आणि यंत्रात सोय असेल तर छपाईपुरता हेपाचा पंखा कमी वेगावर ठेवा.

जुलैत सगळं उलटं होतं. बेड १० अंशांवर, बाहेर पावसाळी दमट हवा, म्हणजे थंड ग्लासावर येतं तसं दव बेडवर येतं. पेट्री डिशच्या आत दव जमलं तर पहिल्या थराला पकडच मिळत नाही, सुईमागोमाग अख्खी जाळी घसरते. पावसाळ्यात बेड १५-१६ च्या खाली नेऊ नये, आणि डिश झाकण लावूनच थंड होऊ द्यावी.

बेडबद्दल आणखी एक गोष्ट मॅन्युअलमध्ये सहसा नसते. पेट्री डिशचा तळ बेडला टेकत नाही. तळाला बारीक कड असते, तिच्यामुळे मध्ये हवेचा पातळ थर राहतो आणि हवा म्हणजे उत्तम निरोधक. पडद्यावर १० अंश दिसतात, डिशच्या आतल्या पृष्ठभागावर १७-१८ असू शकतात. तापमान मोजणारी पातळ तार, म्हणजे थर्मोकपल, डिशमध्ये चिकटवून एकदा मोजून घ्या. फरक मोठा असेल तर डिशच्या कडेच्या आत बसेल अशी ॲल्युमिनियमची चकती कापून घ्या. हे काम हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही टर्नर करून देतो आणि यंत्राच्या यादीतल्या सगळ्या महागड्या ॲक्सेसरीजपेक्षा त्या चकतीचा उपयोग जास्त.

जेलमा : सगळा खेळ चार अंशांचा

जिलेटिन मेथाक्रिलॉयल, ज्याला लॅबमध्ये सगळे जेलमाच म्हणतात, हे या यंत्रावरचं रोजचं जेल. ३७ अंशांवर ते पाण्यासारखं असतं, थंड झालं की जमतं आणि निळसर दिव्याखाली कायमचं पक्कं होतं. पक्कं झाल्यावर ते ३७ अंशांनाही वितळत नाही, म्हणून इन्क्युबेटरमध्ये टिकतं. छपाई मात्र पक्कं होण्याआधी, अर्धवट जमलेल्या अवस्थेत करायची असते आणि ती अवस्था साधारण २२ ते २६ अंशांत सापडते. जेलमाच्या प्रत्येक लॉटला ही खिडकी एखाददुसऱ्या अंशाने सरकते. म्हणून मागच्या लॉटची सेटिंग वहीतून उचलून नव्या लॉटला लावायची नाही.

प्रमाणाची एक चूक वारंवार होते. अंतिम जेल ७.५ टक्के हवं म्हणून ७.५ टक्क्यांचंच बनवतात आणि मग त्यात पेशींचं पाणी मिसळतात. जेल पातळ झालं की यंत्राला बोल लावायचा. १० भाग जेल आणि १ भाग पेशी असं मिश्रण धरलं तर सुरुवातच ८.२५ टक्क्यांनी करायला हवी. म्हणजे ५ मिलिलिटरसाठी जेलमा ४१२.५ मिलिग्रॅम, आणि एलएपी हा प्रकाशाने जागा होणारा पदार्थ अंतिम ०.२५ टक्के हवा तर १३.७५ मिलिग्रॅम. आधी एलएपी ६० अंशांच्या पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या सलाइनमध्ये, पूर्ण विरघळू द्या, मग जेलमा टाका, ५० अंशांवर हळू ढवळा, गरम असतानाच ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. थंड झाल्यावर फिल्टर करायला गेलात तर फिल्टर फुटतो किंवा अंगठा दुखतो. बाटलीला फॉइल गुंडाळलेलं असू द्या; ट्यूबलाइटखाली तासभर उघडं राहिलेलं मिश्रण कडेने जमून बसतं.

पेशी मिसळण्याचा हिशेब असा : अंतिम घनता मिलिलिटरला ५० लाख हवी, मिश्रण २.२ मिलिलिटर होणार, म्हणजे एकूण १ कोटी १० लाख पेशी. त्या ०.२ मिलिलिटर मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, गोळा करायच्या आणि २ मिलिलिटर जेलमध्ये, ३७ अंशांवर, मिसळायच्या. दोन सिरिंजा लुअर जोडणीने समोरासमोर लावून २० ते ३० वेळा हळूहळू ढकलाढकली. हवेचा बुडबुडा आत गेला तर तो छपाईच्या मधोमध सुईपर्यंत येतो, 'फुस्स' करतो आणि दोरा तुटतो. पेशी नसलेलं जेल असेल तर सिरिंज मिनिटभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बुडबुडे घालवता येतात. पेशी मिसळल्यावर ही युक्ती चालत नाही, पेशीच तळाला जातात. म्हणून बुडबुडे आधीच काढायचे.

सिरिंज हेडमध्ये बसवली की लगेच छापायचं नाही. १५ ते २० मिनिटं थांबा. हेडचा पडदा दोन मिनिटांत २४ दाखवतो, पण ती धातूच्या कवचाची बातमी असते. सिरिंजच्या मध्यभागी जेल अजून ३० च्या वर असतं. या यंत्राची ही सगळ्यात खटकणारी उणीव. तापमापक सिरिंजला नाही, कवचाला लावलेला. घाई केली की सुरुवातीला पातळ, पाच मिनिटांनी बरोबर आणि मग गाठी, असे तिन्ही प्रकार एकाच जाळीत मिळतात.

छपाईआधी सुई हवेत धरून पाच सेकंद दाब द्यावा. थेंब लोंबला तर जेल कमी जमलंय. गुळगुळीत दोरा सलग खाली आला तर बरोबर. दोरा खरखरीत, खरवसाच्या वडीसारखा तुटक निघाला तर जास्त जमलंय. त्या अवस्थेत दाब वाढवून काम भागवता येतं, पण पेशी चिरडल्या जातात.

डोळ्यावर भरवसा नसेल तर आकड्यावर ठेवा. दोन थरांची चौकोनी जाळी छापा, वरून फोटो काढा, एका भोकाची परिमिती आणि क्षेत्रफळ मोजा. परिमितीचा वर्ग भागिले क्षेत्रफळाची १६ पट. नेमका चौरस असेल तर उत्तर १. जेल पातळ असेल तर कोपरे भरतात, भोक गोल होतं आणि उत्तर ०.७८ कडे सरकतं. जेल जास्त घट्ट असेल तर कडा वाकड्यातिकड्या होतात आणि उत्तर १ च्या वर जातं. ०.९ ते १.१ मध्ये असाल तर पुढे चला. आयताकृती भोकाला हे गणित लावू नका, सुरुवातच चुकते.

आणि त्या उघड्या सुईचं? धातूच्या सुईऐवजी प्लास्टिकची निमुळती सुई लावा. ती उष्णता कमी वाहते, आणि निमुळती असल्यामुळे तेवढंच जेल कमी दाबात बाहेर काढते. त्यावर फोमची छोटी टोपी चढवली तर आणखी बरं. डिसेंबरात हीच सुई उलटा त्रास देते : खोली १८ वर गेली की जेल सुईतच जमून बसतं. तिथेही फोम उपयोगी.

सुई बदलताना दाबाचं गणित लक्षात ठेवा. २५ गेजच्या सुईचा आतला व्यास साधारण पाव मिलिमीटर, २७ गेजचा ०.२. फरक नखाएवढाही नाही, पण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो : तोच दाब, तीच लांबी, तर प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो. जेल दाबाखाली पातळ होणारं असल्याने प्रत्यक्षात घट याहूनही जास्त. ती घट भरून काढायला दाब वाढवला की पेशींवरचा ताण वाढतो. बारीक दोऱ्याचा मोह बहुतेकांना पहिल्या महिन्यात होतो. २५ गेज, थराची उंची ०.२ मिमी, वेग सेकंदाला ६ ते ८ मिमी, इथून सुरुवात करावी.

अल्जिनेट आणि बोअरचं पाणी

शिकाऊ मुलांना अल्जिनेटवर, म्हणजे समुद्री शेवाळातून निघणाऱ्या जेलवर, बसवा. स्वस्त आहे, तापमानाचे नखरे नाहीत. ३ टक्के अल्जिनेट छापायचं आणि वर १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड टाकायचं, म्हणजे ते जमतं. बाटलीवर डायहायड्रेट लिहिलेलं असेल तर १०० मिलिलिटरला १.४७ ग्रॅम, पाणी नसलेलं असेल तर १.११ ग्रॅम. लेबल न वाचता केलेल्या द्रावणांमुळे दोन बॅचचे निकाल जुळत नाहीत. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी उघडी बाटली आठवडाभरात चिखल होते आणि मग वजनाला अर्थ उरत नाही.

दोन ते पाच मिनिटं पुरे. नंतर कॅल्शियम धुऊन काढा, पण पीबीएसने नाही. फॉस्फेट आणि कॅल्शियम भेटले की पांढरी साय येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती मेलेल्या पेशींसारखी दिसते. हेपिस हा फॉस्फेट नसलेला बफर घातलेल्या सलाइनने धुवा. इन्क्युबेटरमधल्या मीडियात कॅल्शियम हळूहळू निसटतं, म्हणून आठवड्याभरात जाळी मऊ पडते. तो यंत्राचा दोष नव्हे.

सुया आणि सिरिंजा नळाखाली धुवायची सवय असेल तर ती मोडा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतं. आतल्या उरलेल्या अल्जिनेटच्या तिथेच गाठी होतात आणि २५ गेजची सुई कायमची बंद. डीआय, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने धुवा, अडकलीच तर सायट्रेटमध्ये रात्रभर भिजवा.

संत्र्याच्या सालीतलं पेक्टिन वापरून 'नागपुरी बायोइंक' करायची कल्पना प्रोजेक्टच्या मोसमात हमखास येते. कल्पना वाईट नाही. पण सालीतून निघणाऱ्या पेक्टिनमध्ये मेथॉक्सिल हा रासायनिक गट जास्त असतो, त्याला जमायला साखर आणि आंबटपणा लागतो. नुसत्या कॅल्शियमने ते जमत नाही. मेथॉक्सिल कमी करण्याची पायरी आधी करावी लागते. ती न करता छापायला बसलं तर मुरंब्याचा पाक होतो, इतकंच.

उन्हाळ्यात एकच जेल खूश असतं, प्लुरॉनिक. ते उलट्या स्वभावाचं आहे : फ्रीजमध्ये पातळ, खोलीच्या तापमानाला घट्ट. पोकळ नळ्या करायला ते कामी येतं. प्लुरॉनिकने नळीचा आकार छापा, भोवती जेलमा ओता, दिव्याखाली पक्कं करा, मग ४ अंशांवर नेऊन प्लुरॉनिक पाण्यासारखं ओढून घ्या. मागे मोकळा मार्ग उरतो. एवढ्या घट्ट प्रमाणात ते पेशींना विषारी असतं, म्हणून ओढून घेणं आणि धुणं उरकूनच मीडिया सोडा.

दाब आणि लाइन

दाबाच्या एककावरून होणारे घोळ आधी. यंत्राचा पडदा किलोपास्कल दाखवतो, कॉम्प्रेसरचा काटा पीएसआय, आणि मॅन्युअल कुठे कुठे बार. २० किलोपास्कल म्हणजे ०.२ बार, म्हणजे जेमतेम २.९ पीएसआय. २० च्या जागी २० पीएसआय दिलं गेलं तर दाब जवळजवळ सातपट होतो आणि सिरिंज एका क्षणात डिशमध्ये रिकामी होते.

कॉम्प्रेसर तेलविरहितच हवा. तेलाचं थोडंसं धुकं सिरिंजमध्ये गेलं की पेशी संपल्या. ओळीत पाण्याचा सापळा आणि शेवटी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. पावसाळ्यात सापळा रोज सकाळी रिकामा करायचा. नळ्या आणि पुश-इन जोडण्या ४ किंवा ६ मिमीच्या असतात, त्या औद्योगिक न्यूमॅटिकच्या दुकानात मिळतात. कंपनीकडून मागवल्या तर तीच वस्तू वेगळ्या पाकिटात येते.

लाइन गेली तर काय होतं? यंत्र आपली जागा विसरतं. पुन्हा सुरू केल्यावर ते घरी, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या जागी, जातं, पण अर्धवट छापलेल्या थरावर नेमक्या त्याच ठिकाणी परतत नाही. ती छपाई गेलीच. म्हणून यंत्र आणि कंट्रोलर ऑनलाइन यूपीएसवर ठेवा. कॉम्प्रेसर त्याच यूपीएसवर लावू नका, सुरू होतानाच्या झटक्याला यूपीएस हात टेकतो. त्याऐवजी हवेची मोठी टाकी घ्या. छपाईला हवा फार लागत नाही. भरलेली टाकी हातातली छपाई पूर्ण करून देते.

सॉफ्टवेअर ठीक आहे. आकाराची एसटीएल फाइल घेतं, यंत्राला कळणाऱ्या सूचना म्हणजे जी-कोड देतं, दोन हेडमधलं अंतर जुळवायची सोय बरी आहे. प्रत्येक सुई बदलल्यावर ते पुन्हा जुळवावं लागतं, हे मात्र लोक विसरतात. दिव्याबद्दल एकच : १० मिलिवॉटला ३० सेकंद म्हणजे चौरस सेंटीमीटरला ३०० मिलिज्यूल, पण दिव्यावर लिहिलेले १० मिलिवॉट डिशवर पोहोचतात का ते मीटरने मोजा. खिडकीचं पिवळट ॲक्रिलिक अल्कोहोलने पुसू नका, बारीक तडे जातात. सौम्य साबणपाणी बास.

दोष कुणाचा, हे कसं शोधायचं

दुसऱ्या दिवशी हिरवा-लाल रंग टाकून जिवंत आणि मेलेल्या पेशी मोजल्या आणि निम्म्या मेलेल्या निघाल्या, तर यंत्राला शिव्या देण्याआधी तीन नमुने शेजारी ठेवा. एक, जेलमध्ये जाण्याआधीच्या पेशी. दोन, त्याच जेलमध्ये मिसळून नुसत्या ओतलेल्या आणि दिव्याखाली पक्क्या केलेल्या. तीन, छापलेल्या. पहिल्याच नमुन्यात मेलेल्या असतील तर दोष कल्चरचा. दुसऱ्यात मेल्या तर जेल, एलएपी किंवा दिवा. फक्त तिसऱ्यात मेल्या तरच दाब, सुई आणि यंत्र. या यंत्रावर २५ गेज निमुळती सुई आणि २० ते ३० किलोपास्कल दाब असेल, सिरिंज तासाच्या आत रिकामी होत असेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यात फार अंतर पडू नये. पडलं तर जेल जास्त जमलेलं होतं.

आणि ते हृदय?

माहितीपत्रकावर छापलेल्या हृदयाचं, नाहीतर दुसऱ्या एखाद्या अवयवाचं चित्र असतंच. त्याचा हिशेब या यंत्रावरच करून पाहा. पाव मिलिमीटरचा दोरा, सेकंदाला ८ मिमी वेग, म्हणजे सेकंदाला ०.३९ घन मिमी जेल. एक घन सेंटीमीटर भरायला ४२ मिनिटं. दीड लिटरचं यकृत म्हणजे न थांबता ४४ दिवस. आणि पेशी? एक ग्रॅम यकृतात सुमारे १० कोटी यकृतपेशी. पेशी वाढवायच्या एका टी-७५ फ्लास्कमध्ये कोटीच्या आसपास पेशी वाढतात. तर एका ग्रॅमला दहा फ्लास्क आणि दीड किलोला पंधरा हजार. तेवढे फ्लास्क ठेवायला इन्क्युबेटर नाही, मजला लागेल. यकृतपेशी फ्लास्कमध्ये निमूट वाढतही नाहीत, ते वेगळंच.

त्याहून मोठी अडचण रक्ताची. रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपलीकडे प्राणवायू झिरपून पोहोचत नाही. या यंत्रावर सेंटीमीटरभर जाडीचा भरीव ठोकळा छापला तर बाहेरची साल जगते, गाभा मरतो. प्लुरॉनिकच्या नळ्या हे त्यावरचं उत्तर खरं, पण पाव मिलिमीटरची नळी आणि केशवाहिनी यांत अजून बराच रस्ता आहे.

जगात झालेलं काम कमी लेखायचं कारण नाही. २००६ मध्ये अमेरिकेत अँथनी अटाला यांच्या गटाने ७ रुग्णांमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेली मूत्राशयं बसवल्याचं प्रसिद्ध केलं. ती मात्र छापलेली नव्हती, साच्यावर पेशी पेरून केलेली होती आणि दोन्ही गोष्टी सर्रास एकत्र मोजल्या जातात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने कोलॅजेनमधून हृदयाचे भाग छापले, जिलेटिनच्या कणांच्या आधारकुंडात, म्हणजे छपाईला सावरून धरणाऱ्या कुंडात. (हे कुंड नागपुरात एसीशिवाय लावून पाहू नका. २८-३० अंशांना ते छपाई चालू असतानाच ढासळू लागतं.) त्याच वर्षी तेल अवीवमध्ये दोनेक सेंटीमीटरचं हृदय छापलं गेलं, त्याने रक्त ढकललं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाला तिच्याच कूर्चापेशींचा छापलेला कान बसवला गेला. त्याच वर्षी हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशीविज्ञानाची संशोधनसंस्था यांनी छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवला. कान आणि कॉर्निया आधी का जमले, याचं कारण उघड आहे : दोन्ही पातळ, आणि दोघांनाही आतून रक्तवाहिन्यांचं जाळं लागत नाही.

म्हणून विदर्भात किडनीसाठी झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव असलेल्या घरांना एवढंच स्वच्छ सांगायला हवं : छापलेली किडनी आज कुठेही बसवली जात नाही, आणि तसं सांगून पैसे मागणारा माणूस फसवत आहे. यादीतलं नाव काढू नका.

या यंत्राचं खरं काम लहान आहे आणि चांगलं आहे. औषधाची विषारिता तपासायला दोन-तीन मिमीचे यकृतपेशींचे ठिपके, त्वचेचे थर, कूर्चेचे तुकडे, जखमेवरच्या जाळ्या. फार्मसी आणि इंजिनिअरिंगच्या विभागांनी एकत्र घेतलं तर पैसे वसूल होतात. एकाच गाइडच्या एकाच विद्यार्थ्यासाठी घेतलं तर विद्यार्थी पास होऊन गेल्यावर यंत्रावर फडकं पडतं.

घेण्याआधी कागदही पाहा. मूळपेशी वापरायच्या तर संस्थेची स्टेम सेल समिती लागते, आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात. प्राणी असतील तर प्राणी नीतिसमिती. कचऱ्यात वापरलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, धातूच्या सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, छापलेली ऊती पिवळीत. प्लास्टिकची निमुळती सुई धारदार नसते, ती लालमध्ये गेली तरी चालते. सफाईवाल्या मावशींना हे आधी दाखवून ठेवा, नाहीतर त्या वैतागून सगळंच एकात टाकतात.

जेल आणि कोलॅजेन बाहेरगावाहून थंड डब्यात येतं. मे महिन्यात शुक्रवारी निघणारं पार्सल घेऊ नका. शनिवार-रविवार ते गोदामात पडतं आणि सोमवारी हातात कोमट पाणी येतं. सोमवारी निघेल असंच बुकिंग मागा, डबा उघडल्या उघडल्या आतल्या थर्मामीटरचा फोटो काढा, आणि कोलॅजेन चुकूनही बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका.

सर्व्हिस इंजिनिअर बाहेरून येतो. करारात 'किती दिवसांत' हे लिहून घ्या, आणि व्हॉल्व्ह, एक हीटर, दोन सिरिंज-टोप्या हे सुटे भाग यंत्राबरोबरच विकत घ्या.

डेमो मागाल तो मे महिन्यात मागा, नवतपा सुरू असेल तर उत्तम, दुपारी तीन वाजता, तुमच्याच खोलीत, तुमच्याच प्लगवर. कंपनीचं जेल नको, तुमचं ७.५ टक्के जेलमा द्या. दोन थरांची जाळी, २५ गेज, लागोपाठ पाच वेळा, मध्ये सिरिंज न काढता. पाचही जाळ्यांचे फोटो काढून भोकांचं गणित करा. पहिली ०.९८ आणि पाचवी ०.८१ निघाली तर इंजिनिअरला सुईकडे बोट दाखवा आणि फोमची टोपी त्याच्याकडूनच मागून घ्या.